रिमोटचं बटण चालेना, म्हणून चावीच नवी घ्या?

मंडळी, परवा गाडीचा रिमोट सर्व्हिस सेंटरला दाखवला. उघडूनही न बघता उत्तर मिळालं, "नवीन चावी लागेल सर, बारा हजार." कारण काय, तर म्हणे सिक्युरिटी!

अहो, चावी फिरवल्यावर गाडी चालू होतेय ना? म्हणजे इमोबिलायझरची चिप शाबूत आहे, तिला सेल लागतच नाही. बिघाड आहे तो रिमोटमध्ये. आधी सेल बदला (बऱ्याच चाव्यांत साधा सीआर २०३२ असतो). तरीही चालेना, तर बटणाखालचा इवलासा स्विच झिजलेला असू शकतो; चांगला मोबाइल रिपेअरवाला तो बदलून देतो. कव्हर फुटलं असेल तर नुसतं कव्हर घ्या, पण जुन्यातली चिप नव्यात टाकायला विसरू नका.

चावी हरवलीच तर मात्र प्रोग्रॅमिंग आलं, आणि खरी मक्तेदारी इथंच आहे. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजांनाही द्या, असं बजावलं. कंपन्या गेल्या कोर्टात. आपल्या कोपऱ्यावरचा चावीवाला अजून जुगाडावरच!

पुढच्या वेळी काउंटरवर सांगा, नक्की काय बिघडलंय ते जॉबकार्डवर लिहून द्या. टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ लावा.