सिंधुदुर्गाला एकच तास?



दिवाळीच्या सुट्टीत गंगापूर रोडवरची आम्ही चार बिऱ्हाडे मालवणला गेलो. स्कूबा डायव्हिंगला अर्धा दिवस, सुरमईच्या थाळीला दोन तास आणि सिंधुदुर्गाला फक्त एक तास. होडीत चढतानाच बजावले गेले, 'तासाभरात धक्क्यावर या.' शिवराजेश्वराचे दर्शन झाले, महाराजांच्या हाताच्या ठशाला नमस्कार केला, की निघालोच. परतताना सोबतचे एकजण म्हणाले, 'किल्ल्यात बघण्यासारखं काही उरलं नाही.' ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

बघण्यासारखे पुष्कळ आहे, ते तासात दिसत नाही. कुरटे बेटावर १६६४ मध्ये पायाभरणी झाली. बेट सुमारे ४८ एकरांचे. महादरवाजा बुरुजांच्या आड असा दडवला आहे की होडी जवळ येईपर्यंत तो कळत नाही. चहूकडे खारे पाणी, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. भोवतालच्या समुद्रात पाण्याखाली खडक. त्यांतली वाट इथल्या दर्यावर्दींना ठाऊक, परक्या मोठ्या जहाजांना नाही. बेटाची निवड हीच निम्मी तटबंदी होती! तटावर उभे राहून कोणी हे दाखवले, तर दहा वर्षांच्या मुलालाही समजेल.

आपण घाटावरची माणसे. किल्ला म्हणजे डोंगर, हेच डोक्यात. पण २०२५ मध्ये युनेस्कोने जे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत आपल्या बागलाणातला साल्हेर आणि सिंधुदुर्ग शेजारी बसले आहेत. आणखी एक धागा आपल्या दाराशीच आहे. रघुनाथराव पेशव्यांच्या वास्तव्याची आनंदवल्ली आपण रोज ओलांडतो. त्यांचे थोरले बंधू नानासाहेब यांनी मराठ्यांचेच आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. नऊ वर्षांनी इंग्रजांनी सिंधुदुर्गही काही काळ घेतला. पानिपत आपल्याला तोंडपाठ आहे. ही हानी मात्र आपण मुलांना सांगतच नाही.

होडीवाल्यांची अडचण मला मान्य आहे. पावसाळ्यात धंदा बंद, उरलेल्या महिन्यांत फेऱ्यांवरच घर चालते. म्हणून माझी मागणी फेऱ्या कमी करण्याची नाही. परतीचे तिकीट त्या दिवशीच्या कोणत्याही होडीला चालावे, हिशेब त्यांनी आपसात वाटून घ्यावा. किल्ल्यात पिढ्यानपिढ्या राहणारी कुटुंबे आहेत. त्यांच्यातून वाटाडे तयार करावेत आणि त्यांचा मोबदला तिकिटातच धरावा. धक्क्याजवळ गुराब आणि गलबत या मराठा आरमारातल्या जहाजांच्या प्रतिकृती ठेवाव्यात, म्हणजे आरमार हा नुसता शब्द राहणार नाही.

हे होईल तेव्हा होवो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या शाळांच्या सहली कोकणात निघतात. मुख्याध्यापकांना विनंती, बस ठरवतानाच होडीवाल्यांशी बोलून किल्ल्यासाठी तीन तास मागून घ्या, आणि वेळ कमी पडला तर वॉटर स्पोर्ट्समधला कापा.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक