या गप्पा रिकामटेकड्यांच्या नव्हेत

समतेच्या चळवळीत उमेदीची वर्षे घालविलेल्या कार्यकर्त्यांकडूनही एक आक्षेप वारंवार ऐकू येतो. तो असा की, समलिंगी पुरुषांचे जे गट शहराशहरांतून जमू लागले आहेत, त्यांत राजकीय असे काही नसते. ही मंडळी एकत्र येतात आणि नाटकांविषयी बोलतात, सिनेमांविषयी बोलतात, दूरचित्रवाणीवरील मालिकांची उणीदुणी काढतात. अमक्या चित्रपटात तमकीने कोणती साडी नेसली होती आणि अमुक पद मुळात कोणी गायले होते, असल्या फुटकळ माहितीत रात्र घालवितात. ना मोर्चा, ना ठराव, ना मागण्यांचे निवेदन! कष्टकऱ्यांच्या पक्षाने यांची दखल का घ्यावी? लासलगावच्या बाजारात कांद्याचा भाव कोसळतो, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत कंत्राटी कामगाराला उद्याची शाश्वती नसते, तेव्हा ही चैन आपल्याला परवडणारी आहे काय?

आक्षेप प्रामाणिक असेल. तो बरोबर मात्र नाही. ज्यांना आपण समाजपरिवर्तनाचे शास्त्र जाणणारे म्हणवतो, त्यांनीच तो घ्यावा हे तर विशेष खेदजनक आहे.

गप्पा म्हणजे राजकारणाचा अभाव, हे समीकरण कोणी शिकविले? मुंबईत १९२८ साली गिरणी कामगार युनियन उभी राहिली ती काही आकाशातून पडली नाही. तिच्या आधी चाळींच्या गॅलऱ्या होत्या, खानावळी होत्या, भजनी मंडळे होती, तालमी होत्या. गावाकडून आलेला माणूस तेथे बसून गावच्या जत्रेविषयी आणि काल पाहिलेल्या तमाशाविषयी बोलत असे. त्या बोलण्यातून त्याला कळले की शेजारच्या खात्यातील माणसाचे दुःख आपल्यासारखेच आहे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनी या बोलण्याचीच बोली उचलली. लोकांच्या करमणुकीला तुच्छ लेखून त्यांना लोकांपर्यंत पोहोचता आले नसते. संघटना ठरावापासून सुरू होत नाही. एकमेकांना ओळखण्यापासून ती सुरू होते.

आता समलिंगी पुरुषाची स्थिती पाहा. पारावर, चहाच्या टपरीवर, कारखान्याच्या जेवणाच्या सुट्टीत इतर पुरुष बायकोविषयी, सासुरवाडीविषयी, मुलीच्या स्थळाविषयी मोकळेपणी बोलतात. या बोलण्याला कोणी लैंगिक म्हणत नाही. ते जनरीतीचे मानले जाते. याला मात्र ‘लग्न कधी करतोस?’ या साध्या प्रश्नापाशी रोज एक खोटे रचावे लागते. जो माणूस स्वतःच्या घराविषयी, प्रेमाविषयी, विरहाविषयी अवाक्षर काढू शकत नाही, तो नाटकाविषयी बोलतो. बालगंधर्वांचे नाव काढून समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहतो. एखाद्या अभिनेत्रीच्या संवादाची नक्कल करतो आणि कोण हसते व कसे हसते याचा अंदाज घेतो. रंगभूमी आणि चित्रपट ही त्याची परवलीची भाषा आहे. शंभर वर्षांहून अधिक काळ कायद्याने ज्यांना गुन्हेगार ठरविले, त्यांनी परवलीची भाषा घडविली तर ती चैन कशी?

आणि ज्या माहितीला आपण फुटकळ म्हणतो, ती खरोखर तशी आहे काय, हे नाशिककरांनी तरी तपासून पाहावे. दादासाहेब फाळके १८७० साली याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकातच निवर्तले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. त्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’ चित्रपटात तारामतीचे काम करावयास एकही स्त्री तयार झाली नाही. अखेरीस मुंबईतील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हेच साळुंके १९१७ सालच्या ‘लंकादहन’मध्ये रामही झाले आणि सीताही झाले. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका एक श्रमिक पुरुष होती! अभ्यासक्रमात ही गोष्ट गमतीची नोंद म्हणून एका ओळीत उरकली जाते. समलिंगी पुरुषांच्या बैठकीत तिच्यावर तासभर चर्चा होऊ शकते: राम आणि सीता एकाच देहातून पाहताना प्रेक्षकांनी काय पाहिले असेल? हसले असतील की हात जोडले असतील? हा प्रश्न रिकामटेकडा नाही. पुरुषपण आणि बाईपण या निसर्गाने ओतलेल्या मुशी आहेत की समाजाने नेसविलेली वस्त्रे आहेत, हाच तो प्रश्न आहे. ज्यांचा इतिहास कोणी लिहिला नाही ते आपला इतिहास अशाच तपशिलांत जपून ठेवतात.

मराठी समाजाचा दुटप्पीपणा या तपशिलांतूनच उघडा पडतो. नारायण श्रीपाद राजहंस यांच्या स्त्रीभूमिकांवर महाराष्ट्र लुब्ध झाला, घरंदाज स्त्रियांनी त्यांच्या वेशभूषेचे अनुकरण केले, आणि १९६४ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्याच महाराष्ट्रात एखाद्या शाळकरी मुलाची चाल जरा मऊ असली, हात जरा जास्त हलले, की वर्ग त्याला ‘बायल्या’ म्हणून हाक मारतो आणि गुरुजी हसून दुर्लक्ष करतात. तमाशापटांत नाच्याची भूमिका अजरामर करणारे गणपत पाटील संसारी गृहस्थ होते. तरीही पडद्यावरच्या त्या भूमिकेची सावली आयुष्यभर त्यांच्या पाठीस लागली. २०१४ साली सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’सारख्या कार्यक्रमांत मिशा सफाचट केलेला पुरुष साडी नेसून आला की हशा ठरलेला असे. स्त्रीवेष जोपर्यंत मालकाच्या तिकीटखिडकीवर किंवा वाहिनीच्या जाहिरातींवर पैसा ओततो तोपर्यंत ती कला, आणि गरिबाच्या पोराच्या अंगी ती लकब उपजत असली तर ते व्यंग! याहून उघड वर्गीय नीती दुसरी कोणती असू शकेल?

गंभीर रंगभूमीची कथा वेगळी आहे, पण तीही तपासली पाहिजे. सतीश आळेकरांचे ‘बेगम बर्वे’ १९७९ साली आले. संगीत नाटकांत दुय्यम स्त्रीभूमिका केलेला आणि आता उदबत्त्या विकणारा हा बर्वे स्वतःच्या स्वप्नात नायिका होतो, आणि कारकुनी आयुष्याने पिचलेले दोघे त्या स्वप्नात शिरतात. त्यापाठोपाठ १९८१ साली विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ने स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री मराठी रंगमंचावर उभी केली. ते धैर्य मोठेच होते. परंतु सुमित्राचा शेवट आत्मनाशातच व्हावा, हे त्या काळाला अपरिहार्य वाटले. समलिंगी प्रेक्षक याविषयी बोलतो तेव्हा तो विचारतो, ‘आमच्यातले कोणी शेवटच्या अंकापर्यंत जिवंत का राहत नाही?’ हा समीक्षेचा प्रश्न आहे, आणि मराठी समीक्षकांनी तो पुरेसा विचारलेला नाही. पुढे चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’मध्ये मुलाची वही वाचणारी आई बोलू लागली. सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ २००६ साली आली. तीत एकाच पाहुण्यावर भाऊ आणि बहीण दोघांचेही मन जडते. बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्टची स्थापना करून मराठीतून या विषयावर सातत्याने लिहिले. आणि २०२५ साली रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस गावी काढायला आलेला मुंबईचा नोकरदार आणि गावातच शेतीत राबणारा त्याचा बालमित्र, यांची ती कथा आहे. तीत बंगले नाहीत, मद्याचे पेले नाहीत. समलिंगी प्रेम ही शहरी श्रीमंतांची लहर आहे, असे सांगणाऱ्या प्रत्येकाने हा चित्रपट पाहावा.

आता आपल्या वारशाकडे वळू. कारण ‘हा आपला विषय नव्हे’ असे म्हणणाऱ्यांना तो ठाऊक नसावा. जर्मन संसदेत १८९८ साली समलिंगी पुरुषांना शिक्षा देणारे कलम रद्द करा, असे उभे राहून सांगणारा पुढारी ऑगस्ट बेबेल हा होता. क्रांतीनंतरच्या रशियाच्या १९२२ च्या दंडसंहितेत असे कलमच नव्हते. ते स्टालिनने १९३३-३४ मध्ये परत आणले. हॅरी व्हाइट या मॉस्कोतील ब्रिटिश कम्युनिस्ट पत्रकाराने मे १९३४ मध्ये स्टालिनला दीर्घ पत्र लिहून विचारले की, समलिंगी माणूस पक्षाचा सभासद होण्यास पात्र आहे की नाही? स्टालिनने त्या पत्रावर लेखकाला शिवी देणारा शेरा मारला आणि ते दप्तरात टाकण्यास सांगितले.

त्याच १९३४ साली मुंबईत काय घडत होते? ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांनाही, निर्भीड उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला होता, आणि उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर! खटला ते हरले. पण लैंगिक प्रश्नाविषयी शास्त्रीय माहिती देणे म्हणजे अश्लीलता नव्हे, ही भूमिका त्यांनी मांडली. ज्या बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, तेच हे बाबासाहेब. तेव्हाही ‘देवळात जाऊन पोट भरणार आहे काय?’ असे विचारणारे शहाणे होतेच. माणसाला माणूस म्हणून चारचौघांत उभे राहता येणे, हा भाकरीइतकाच मूळ प्रश्न आहे, हे नाशिकच्या भूमीला वेगळे सांगण्याची गरज पडू नये. १९३४ सालच्या या दोन दप्तरांपैकी कोणते आपले, हे प्रत्येक कार्यकर्त्याने ठरवावे.

ब्रिटनमधील खाणकामगारांनी ते ठरविले होते. १९८४-८५ च्या दीर्घ संपात लंडनच्या समलिंगी तरुण-तरुणींनी डबे फिरवून पैसे जमविले आणि दक्षिण वेल्समधील संपकऱ्यांना पोहोचविले. कामगारांच्या सभागृहात ते एकत्र जेवले, नाचले, गप्पा मारीत बसले. १९८५ साली लंडनच्या समलिंगी मोर्चाच्या अग्रभागी खाणकामगारांचे बावटे होते, आणि त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगींच्या हक्कांचा ठराव खाणकामगार संघटनेच्या मतांच्या बळावर संमत झाला. ती एकजूट कोणा पंडिताच्या प्रबंधातून आली नाही. एका टेबलाशी बसून केलेल्या बोलण्यातून ती आली.

कायदा बदलला, मग आता काय उरले, असे कोणी विचारील. ६ मार्च २०१८ रोजी नाशकातून निघालेले शेतकरी रक्ताळलेल्या पायांनी १२ मार्चला मुंबईत पोहोचले. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडविले. दोन्ही प्रसंगी विजयाची बातमी छापून आली आणि दोन्ही प्रसंगी अंमलबजावणीची वेळ येताच सत्ताधाऱ्यांची जीभ जड झाली. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. खासगी नोकरीतून केवळ समलिंगी म्हणून काढून टाकण्यास मनाई करणारा स्वतंत्र कायदा देशात नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३७७ ला पर्यायी कलमच ठेवलेले नाही. त्यामुळे ज्या पुरुषावर बळजबरी होते, त्याला बलात्काराची फिर्याद म्हणून दाद मागण्याची वाट उरलेली नाही. मोबाइलवरून भेटीला बोलावून लुबाडणारे आणि ‘घरी सांगू’ म्हणून पैसे उकळणारे हे पक्के जाणून आहेत.

या जाचाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. पैसेवाल्याला स्वतःची खोली असते, वकील असतो, परदेशाचे तिकीट असते. पेठ-सुरगाण्याहून येऊन अंबडला एका खोलीत पाच जणांत राहणाऱ्या तरुणाला दार लावून फोनवर बोलण्याइतकीही जागा नसते. उद्यानातील बाकावर दोघे जरा वेळ बसले की काठी आपटत शिपाई येतो. त्याला निवांत गप्पा मारता येतील असे छप्पर या शहरात कोठे आहे? उपाहारगृहात बसायचे तर दोनशे रुपये मोजा! बाजार मात्र हुशार आहे. त्याने ही गरज ओळखली. जून महिना आला की कंपन्या आपल्या बोधचिन्हांना सप्तरंग फासतात, चित्रपटांच्या वाहिन्या महिन्याची वर्गणी घेऊन प्रेमकथा विकतात, आणि त्याच कंपन्यांतील कंत्राटी कामगार उघडपणे जगण्याचे धाडस करू शकत नाही. ज्या गप्पांना आपण जागा नाकारतो, त्या गप्पांचे भांडवलदार भाडे वसूल करतो. ही आपल्या सोवळेपणाची फलश्रुती आहे.

तेव्हा करावे काय? प्रथम, पक्षाच्या कचेऱ्या आणि वाचनालये महिन्यातून एक संध्याकाळ अशा मंडळींना विनाअट उपलब्ध करून द्यावीत. त्यांनी तेथे नाटकावर बोलावे, मालिकांची टर उडवावी, जुनी पदे म्हणावीत. भाषण ऐकण्याची सक्ती त्यांच्यावर करू नये. दुसरे, कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रांत लैंगिक कलावरून होणाऱ्या भेदभावाला प्रतिबंध करणारे कलम घालावे आणि वाटाघाटीत ते सोडू नये. तिसरे, बळजबरीला बळी पडलेल्या पुरुषांना संरक्षण देणारी तरतूद न्याय संहितेत पुन्हा यावी, यासाठी आवाज उठवावा. आणि चौथे, आपल्या सभांतून प्रतिस्पर्ध्याला ‘बायल्या’, ‘बांगड्या भरा’ म्हणून हिणविण्याची रीत आजपासून बंद व्हावी; तो शब्द प्रतिस्पर्ध्याला लागत नाही, मागच्या रांगेत मान खाली घालून बसलेल्या आपल्याच तरुण साथीला लागतो.

तो साथी आज आपल्या सभेत गप्प बसतो आणि रात्री दुसरीकडे कोठेतरी बालगंधर्वांविषयी भरभरून बोलतो. त्याला आपल्यासमोर बोलता येईल, इतका विश्वास त्याच्या मनात निर्माण करणे हे कार्यकर्त्याचे काम आहे. गर्दी जमविण्यापेक्षा ते कठीण आहे, म्हणूनच ते आधी हाती घेतले पाहिजे.