लेझीम पाहुण्यांसाठी की पोरांसाठी?

परवा एका उद्घाटनाला गेलो होतो. पाहुणे अकराला येणार होते, आले दीडला. तोवर शाळेची चाळीसएक पोरं हातात लेझीम घेऊन कमानीपाशी उन्हात उभी. गाड्या आल्या, हलगी कडाडली, पोरं तीन मिनिटं खेळली. साहेब फोनवर बोलत बोलत थेट मंडपात गेले, वळूनही बघितलं नाही. चौथीतली एक मुलगी मात्र शेवटपर्यंत ठेका न चुकता खेळत होती. म्हणून हे लिहितोय.

लेझीम म्हणजे तसं काय, एक लाकडी दांडा, साखळी आणि त्यात धातूच्या चकत्या. पहिल्याच दिवशी कुणालाही वाजवता येते. पण चार आवाज, आठ आवाज बसवायला घेतलं की खरी गंमत कळते. चाळिसात एकाचा हात जरा पुढे गेला तरी सगळ्यांना ऐकू येतं. मग चलाख पोराला थांबावं लागतं, आणि मागे पडणाऱ्याला शेजारचा हळूच आकडे मोजून देतो. इथे पहिला नंबर कुणाचाच नसतो. वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारा पोरगा हलगी गळ्यात अडकवून सगळ्यांच्या पुढे उभा राहिलेला मी स्वतः पाहिलाय.

आणि आपण काय करतो? २६ जानेवारीच्या आठ दिवस आधी लेझीमचं पोतं बाहेर काढायचं, कार्यक्रम झाला की परत कपाटामागे. वर्षभर कलेचा आणि खेळाचा तास 'पोर्शन राहिलाय' म्हणून गणिताला.

शिक्षण हक्क कायदा २००९ सांगतो की सहावी ते आठवीचा पट १०० च्या वर असेल तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक हवेत. बरं, पण आपल्या वाड्यावस्त्यांवरच्या शाळांचा पट शंभरला पोचतो कुठे? म्हणजे जिथे एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, तिथे कायद्यानेही हात वर केलेत.

काही जण म्हणतील, आधी पोरांना नीट वाचता येऊ द्या. मान्य. पण वाचनाचा तास कुणी मागत नाहीये. वेळापत्रकात कागदावर जो तास आहे, तेवढा तरी खरोखर द्या.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. म्हणजे आपणच. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मांडा. आठवड्यातून दोन वेळा सराव, आणि त्यासाठी गावातल्या जुन्या जाणत्या लेझीमवाल्याला मानाने बोलावणं. दुसरं, पुढाऱ्यांच्या स्वागताला पोरं उभी करणं बंद.

साहेबांना लेझीम बघायचीच असेल तर मैदानात खुर्ची टाकू. वेळेवर यावं आणि शेवटपर्यंत बसून बघावं.

तुमच्या गावच्या शाळेत काय चाललंय, कमेंटमध्ये जरूर लिहा.