घाबरवायचं की शिकवायचं?



"मुलांना असलं भीतीदायक कशाला सांगता?" असं पालक बरेचदा विचारतात. नुकत्याच वाचलेल्या एका कादंबरीच्या निमित्ताने त्यावर माझं मत मांडते.

ऑक्टेव्हिया बटलर या अमेरिकन लेखिकेची 'पॅरेबल ऑफ द सोअर' ही कादंबरी १९९३ साली आली. गोष्ट सुरू होते २०२४ मध्ये, म्हणजे तेव्हाच्या भविष्यात. कॅलिफोर्नियात पाऊस नाही, पाणी पेट्रोलपेक्षा महाग, हाताला काम नाही आणि पोलीससुद्धा पैसे घेतल्याशिवाय येत नाहीत. पंधरा वर्षांची लॉरेन भिंतीआडच्या एका छोट्या वस्तीत राहते. मोठी माणसं म्हणतात, जुने दिवस परत येतील. लॉरेनला मात्र कळून चुकलंय की ही भिंत फार दिवस टिकणार नाही.

ती नुसती रडत बसत नाही. घरातली पुस्तकं काढून रानातल्या उपयोगी वनस्पती, प्रथमोपचार, शेती यांची माहिती वाचते. ऐनवेळी घर सोडावं लागलं तर हाताशी असावी म्हणून पिशवी भरून ठेवते. हे सगळं ती मैत्रिणीला सांगते. मैत्रीण घाबरून आपल्या आईला सांगते आणि गोष्ट लॉरेनच्या वडिलांपर्यंत जाते. ते रागावतात, पण एक मोलाची गोष्टही समजावतात. लोकांना घाबरवू नकोस, त्यांना शिकव.

पुढे भिंत खरंच पडते. लॉरेन उत्तरेकडे चालत निघते आणि त्या वाटेवरही सोबतच्या झाहराला लिहा-वाचायला शिकवते. शिक्षक म्हणून मला हा भाग सर्वात जास्त भावला.

कादंबरीत हिंसा खूप आहे, त्यामुळे ती प्राथमिकच्या मुलांसाठी नाहीच. पण आपण शिक्षकांनी जरूर वाचावी.

गेल्या पावसाळ्यात चौथीतल्या एका मुलीने विचारलं होतं, "बाई, आपल्या घरात पाणी शिरलं तर?" मी म्हटलं, "काही नाही होत गं, बस खाली." पुस्तक वाचल्यावर हे उत्तर मला टोचायला लागलं. मी तिची भीती घालवली नव्हती, फक्त तिला गप्प बसवलं होतं.

मग एक तास त्यासाठीच दिला. पिशवीत काय घ्यायचं, उंच जागा कोणती, ११२ आणि १०८ हे नंबर कशासाठी, हे सगळं मुलांनीच वहीत लिहिलं. तेव्हा लक्षात आलं की निम्म्या वर्गाला आई-वडिलांचा मोबाईल नंबरच पाठ नाही! आता सगळ्यांना पाठ आहे, आणि त्या दिवशी एकही मूल घाबरलं नाही.

म्हणून मला वाटतं, संकट लपवल्याने मूल सुरक्षित होत नाही. काय करायचं हे माहीत असलं की भीती आपोआप कमी होते. तुमच्या वर्गातल्या किती मुलांना घरचा नंबर पाठ आहे? उद्या एकदा विचारून बघाच.