संगणकाचे आयुष्य कोणी ठरवायचे?

डेस्कटॉपसाठी विंडोजसारखी मालकी हक्काची ऑपरेटिंग सिस्टिम चांगली, की लिनक्सवर उभी असलेली डेबियन, उबुंटूसारखी मुक्तस्रोत, हा वाद बहुधा किमतीपाशी येऊन अडतो. एक विकतची, दुसरी फुकटची, असा हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. 'मुक्त' या शब्दाचा संबंध पैशाशी नाही, परवान्याशी आहे. 1983 साली रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला. 1991 मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आणला. या परवान्यामुळे सोर्स कोड वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला मिळतो. विंडोज विकत घेणाऱ्याला मिळते ती फक्त वापरण्याची परवानगी.

पूर्वपक्षाचा पहिला आक्षेप सुरक्षिततेचा आहे: कोड उघडा ठेवणे म्हणजे चोराच्या हाती घराचा नकाशा देणे. त्यावर मुक्तस्रोताचे समर्थक एक ठरीव उत्तर देतात, की हजारो डोळ्यांखालून गेलेल्या कोडमध्ये चूक टिकत नाही. हे उत्तर लंगडे आहे. ओपनएसएसएल या मुक्तस्रोत सुरक्षा-सॉफ्टवेअरमधील हार्टब्लीड ही गंभीर चूक 2012 पासून 2014 पर्यंत सर्वांच्या देखत पडून होती. कोड उघडा आहे म्हणून तो कोणी वाचतोच असे नाही. उघडेपणाचा खरा उपयोग संशय आल्यानंतर होतो. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. त्याने माग काढला, तेव्हा एक्सझेड या छोट्या पॅकेजमध्ये मुद्दाम घुसवलेला चोरदरवाजा सापडला. तपासासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागली नाही. उलट, कोड झाकून ठेवल्याने चोर अडत असता, तर मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम जगभरच्या विंडोज संगणकांत पसरलाच नसता.

दुसरा आक्षेप सोयीचा, आणि तो बराचसा खरा आहे. फोटोशॉप, ऑटोकॅड लिनक्ससाठी मिळत नाहीत. मराठी छपाईचे कितीतरी काम आजही विंडोजवरच्या पेजमेकरमध्ये आणि युनिकोडपूर्व फाँटमध्ये अडकले आहे. पण ही अडचण लिनक्सने निर्माण केलेली नाही. त्या फाँटांची अक्षरसंकेतने ज्याची त्याची वेगळी होती, म्हणून फाँट नसला की मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. बंदिस्त पद्धतीवर विसंबल्याची ही किंमत आहे. सामान्य माणसाला लिनक्स झेपत नाही, हे म्हणणे मात्र केरळने खोटे पाडले आहे. तिथल्या सरकारी शाळांतील मुले अनेक वर्षे ग्नू-लिनक्सवरच संगणक शिकत आली आहेत.

मुक्तस्रोताची खरी बाजू 14 ऑक्टोबर 2025 या तारखेने दाखवून दिली. त्या दिवशी विंडोज 10 चा नियमित आधार संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे 2016 साली घेतलेला, आजही उत्तम चालणारा संगणक त्या यादीबाहेर पडतो. त्यात काही बिघडलेले नसते. त्याचे आयुष्य संपल्याचे दुसऱ्याच कोणी ठरवलेले असते. कार्यालयाने किंवा शाळेने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या यंत्राबाबत हा निर्णय परक्या हाती असणे अन्यायाचे आहे. त्याच यंत्रावर डेबियन बसवले, तर सुरक्षेचे अपडेट येत राहतात.

मुक्तस्रोत प्रणालीही जुनी यंत्रे सोडून देतात, हे इथे मान्य करावे लागते. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 ने 32 बिटी संगणकांसाठी इन्स्टॉलर दिला नाही. तरी ज्याला असा संगणक चालवायचा आहे, त्याच्या हाती आधीच्या आवृत्तीचा सगळा कोड असतो. तो स्वतः किंवा जोडीला चार जाणकार घेऊन ती आवृत्ती दुरुस्त करत राहू शकतो आणि इतरांनाही देऊ शकतो. विंडोज 10 चा कोड असा दुरुस्त करून वाटण्याची मुभा परवान्यातच नाही.