विकास कुणाला विचारून?



फाटकावर नोटीस लागते म्हणजे काय होतं, हे तुम्हाआम्हाला कुणी शिकवायला नको. आमच्या साचेखात्यात एकदा इंग्रजी नोटीस लागली. आम्ही सारे चौथी पास. जॉबरला विचारलं तर तो म्हणाला, "काही नाही रे, कामाची वेळ जरा बदललीय." पगाराच्या दिवशी कळलं, वेळ नव्हे, दर बदललाय! तीन दिवस साचे बंद ठेवले, तेव्हा कुठे मराठी नोटीस लागली. मग ती वाचली आणि मगच भांडता आलं.

आज ही गोष्ट आठवली ती सीमाभागामुळे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात ढकलला गेला. १०५ हुतात्म्यांच्या रक्ताने १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्यात आमचे गिरणीवाले किती होते ते परळ-लालबागला विचारा. पण बेळगाव बाहेरच राहिलं. तिथल्या मराठी शेतकऱ्याच्या हाती जमिनीचा उतारा येतो तो कानडीत, नोटीस येते ती कानडीत. अल्पसंख्य भाषिकांच्या मुलांना मातृभाषेत प्राथमिक शिक्षण मिळावं म्हणून घटनेत १९५६ साली कलम घातलं. जिथे एका भाषेचे १५ टक्के लोक आहेत, तिथे सरकारी कागद त्यांच्या भाषेत द्यायचे, असंही ठरलं. ठरलं ते ठरावातच राहिलं!

आता काही शहाणे आम्हाला सांगतात, "भाषेचं जुनं गाणं पुरे. सीमेवरच्या लोकांना आता रस्ते हवेत, कारखाने हवेत, विकास हवा." पुरावा म्हणून निवडणुका दाखवतात. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभांना महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार आला नाही. खरं आहे, लपवायचं कशाला? गटबाजी झाली, भावाने भावाची मतं खाल्ली, ही लाज आमची आहे. पण म्हणून काय झालं? माणसाने रस्त्यासाठी मत दिलं, म्हणजे तो रस्ता त्याच्याच शेतातून काढा असं लिहून दिलं काय?

कसला विकास ते तरी पाहू. बेळगावजवळ हलग्याला सुवर्णसौध नावाची टोलेजंग विधानसभा बांधली. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. अधिवेशन भरतं ते हिवाळ्यातले थोडे दिवस. बेळगाव आमचं, हे दाखवायला बांधलेली ती इमारत, बेकार पोराला त्यात काय? मग हलगा ते मच्छे असा बायपास काढला, तो पिकाऊ जमिनीतून! शेतकरी बांधावर उभे राहिले, कोर्टात गेले. आमची जमीन नको, दुसरीकडून न्या, एवढंच त्यांचं म्हणणं. हे जनमत नव्हे तर काय?

कुणी विचारील, महाराष्ट्रात आले असते तर सोन्याचा धूर निघाला असता काय? नाही, बाबांनो! आम्ही पनवेलचे, आम्हाला कुणी फसवू नये. १९७० साली नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं. सरकार मराठी, मंत्री मराठी, नोटीस मराठी, तरी भातशेतीच्या धन्याला विचारलं नाही ते नाहीच. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तान फाट्याकडे पोलिसांनी गोळ्या घातल्या, पाच माणसं गेली. फरक एवढाच, की इथे नोटीस वाचता आली. दि. बा. पाटील आगरी-कोळ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलले, विधानसभेत त्याच भाषेत जाब विचारला, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व सरकारच्या घशातून बाहेर काढलं. बेळगावच्या शेतकऱ्याला निदान हे हत्यार तरी द्या!

आणि सीमेच्या अलीकडच्या आपल्या लोकांचं काय? सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्याची गावं वर्षानुवर्षं पाण्यासाठी ओरडत होती. मुंबईत कुणी ऐकेना, तेव्हा कर्नाटकात जातो म्हणून त्यांनी ठराव केले. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी तिथल्या ४० गावांवर बोट ठेवलं, आणि आमच्या मंत्र्यांना एकदम म्हैसाळच्या पाण्याची आठवण झाली! २७ डिसेंबर २०२२ ला विधिमंडळाने ८६५ गावं मागणारा ठराव एकमताने केला. उत्तम केलं, आमचाही हात वरच आहे. पण मागायच्या गावांसाठी एकमत होतं, मग असलेल्या गावांना पाणी द्यायला शेजाऱ्याचा दावा कशाला लागतो? जतकरांना आम्ही फितूर म्हणणार नाही. तहानलेल्याने दुसऱ्याच्या विहिरीकडे पाहिलं तर दोष आपल्या कोरड्या विहिरीचा.

कानडी कामगाराशी आमचं वैर नाही. १९८१ साली निपाणीला तंबाखूच्या भावासाठी बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तेव्हा गोळीने कुणाची भाषा विचारली नव्हती. आमचं भांडण आहे ते न विचारता योजना लादणाऱ्यांशी, मग ते बेंगळुरूचे असोत की मुंबईचे.

सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राने २००४ साली दावा लावला, तो लागेल तेव्हा लागेल. तोवर मते मागायला जो पुढारी गिरणीच्या फाटकावर येईल, त्याला पाळी सुटताना अडवा आणि दोनच गोष्टी विचारा. जतच्या शेवटच्या गावात पाणी कोणत्या महिन्यात पोचणार? आणि बेळगावच्या शेतकऱ्याला जमिनीची नोटीस मराठीत मिळावी म्हणून तुम्ही आजवर काय केलंत? भाषण नको म्हणावं. कागदावर लिहून सही करून घ्या, आणि तो कागद युनियनच्या कचेरीत आणून द्या.