पीएच.डी.नंतर काय?

मागच्या ईदला आमची एक जुनी विद्यार्थिनी पेढे घेऊन घरी आली. रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली, माशाअल्लाह. सोबत आलेल्या तिच्या अम्मी मात्र म्हणाल्या, "सर, आता आणखी काय करायचे राहिले? रिश्ते येतात आणि परत जातात."

मुलगी गप्प होती. एका महाविद्यालयात तिला तासिका तत्त्वावर काम मिळाले होते. तासावर पैसे, तेही कित्येक महिन्यांनी हातात. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. आमच्या ओळखीत असे दहा-दहा वर्षे तास घेणारे डॉक्टर आहेत. तोवर वय वाढते आणि फेलोशिपची दारे एकेक करून बंद होतात. हे घरात सांगणार कोण? घरात तिच्याआधी कुणी पीएच.डी. केलेलीच नसते.

विज्ञानासाठी केंद्राची नॅशनल पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप आहे. पूर्वी ती 'सर्ब' देत असे, आता 'एएनआरएफ' देते. मुदत दोन वर्षे, वयोमर्यादा ३५. महिला आणि ओबीसींना पाच वर्षांची सूट. आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण केंद्राच्या यादीत आपले नाव आहे का हे वेगळे पाहावे, आणि नॉन-क्रिमिलेअरचा दाखला आधीच काढून ठेवावा. समाजशास्त्र, अर्थशास्त्र अशा विषयांसाठी आयसीएसएसआरची फेलोशिप आहे. मौलाना आझाद फेलोशिपबद्दल अजून पालक विचारतात. ती पीएच.डी.साठी होती, आणि केंद्राने २०२२-२३ पासून बंद केली. त्याचे दुःख आम्हालाही आहे.

परदेशाचे नाव काढले की घरात शांतता पसरते. मुलगी एकटी कशी जाणार? जर्मनीची हम्बोल्ट फेलोशिप जोडीदार आणि मुले सोबत असतील तर जादा भत्ता देते. तिचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. युरोपच्या मेरी क्युरी फेलोशिपमध्ये पीएच.डी.नंतरची आठ वर्षे मोजताना बाळंतपणासाठी घेतलेली रजा धरत नाहीत. म्हणजे निकाह झाला की संशोधन संपले, असे नाही.

खरी अडचण पत्राची. या बहुतेक ठिकाणी आधी एखाद्या प्राध्यापकाची संमती लागते. आमच्या मुलीने 'आदरणीय महोदय' असे एकच पत्र साठ जणांना पाठवले होते. एकाचेही उत्तर नाही! (आम्ही असतो तर आम्हीही दिले नसते.) मग तिला एकच प्राध्यापक निवडायला लावला, स्वतःच्या गाईडच्या ओळखीबाहेरचा. त्यांचे दोन शोधनिबंध वाचून, आपले काम त्यांच्या कामाला कुठे जोडता येईल हे तिने दहा-बारा ओळींत लिहिले. चौथ्या दिवशी हैदराबादहून उत्तर आले.

नेट किंवा सेटचा अभ्यास सोडू नकोस, हेही आम्ही तिला बजावले आहे. सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी यूजीसीने जुलै २०२३ पासून तीच किमान पात्रता ठरवली आहे, पीएच.डी. ऐच्छिक. महाराष्ट्र आणि गोव्याची सेट पुणे विद्यापीठ घेते.

अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे. परवा अम्मींचा फोन आला. रिश्त्याचा विषय निघालाच नाही. हैदराबादला मुलींचे वसतिगृह प्रयोगशाळेपासून किती लांब आहे, एवढेच त्यांना हवे होते.